वाऱ्यातली आकृती आणि आपली चाळणी

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका शेतकरी श्रोत्यानं आमच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. वेळ संपली होती, म्हणून ती खिशातच राहिली. घरी जाऊन वाचली. चिठ्ठीत एवढंच होतं की, सर, वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं, तरी फवारा तोंडावर कसा आला?

आजचं सगळं बोलणं या चिठ्ठीवर आहे. पण उत्तराकडे जायला जरा लांबचा रस्ता धरावा लागेल, तेवढं सहन करा.

आधी एक कबुली. आम्ही तत्त्वज्ञानाचे. पीएच.डी. केली ती न्यायदर्शनातल्या 'अवयवी' या कल्पनेवर. प्रवाहशास्त्रातलं एकही समीकरण आमच्याकडून सुटणार नाही. परंतु कोणी म्हणालं की 'मला वाऱ्यात अमुक आकृती दिसली', तर 'कशावरून?' असं विचारणं हा आमचा जुना धंदा आहे. म्हणून हे विज्ञानाचं व्याख्यान समजू नका. खळबळत्या प्रवाहात, ज्याला सगळे टर्ब्युलन्स म्हणतात त्यात, सुसंघटित रचना शोधण्याच्या ज्या मोजमाप-पद्धती गेल्या साठेक वर्षांत तयार झाल्या, त्यांची ही समीक्षा आहे.

उदबत्ती लावा. धुराची रेघ थोडी सरळ वर जाते, मग डुलायला लागते, मग विस्कटते. त्या विस्कटण्याकडे नीट पाहिलं तर त्यात वेटोळी दिसतात, छत्र्या दिसतात. एक मोडतं, दुसरं तयार होतं. म्हणजे हा निव्वळ गोंधळ नाही आणि शिस्तही नाही. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पडीक वावरातून वावटळ उठते, पाचोळा घेऊन धुऱ्यापर्यंत जाते आणि विरते. ती हवेचीच असते, पण तिला स्वतःची वाट असते, आयुष्य असतं. पोरं तिच्या मागे धावतात, म्हातारी माणसं त्यात भूत आहे म्हणतात. भूत सोडा, पण 'त्यात काहीतरी एक आहे' ही त्यांची जाणीव चुकीची आहे असं आम्हाला वाटत नाही.

१८८३ साली मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार सरळ जाते, एका मर्यादेपुढे रंग नळीभर पसरतो. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पुस्तकं सहसा सोडून देतात ती गोष्ट वेगळीच आहे. रंग पसरलेला दिसत असताना रेनॉल्ड्सनं विजेच्या ठिणगीच्या उजेडात नळी पाहिली. ठिणगीचा उजेड क्षणभराचा, आणि त्या क्षणात तो पसरट रंग वेगवेगळ्या वेटोळ्यांचा बनलेला दिसला. डोळा आपल्या सवयीनं सरासरी काढत होता, ती सरासरी ठिणगीनं तोडली. आता गंमत बघा. याच माणसानं १८९५ साली प्रवाहाचे दोन भाग करायची रीत घालून दिली, एक सरासरी वेग आणि दुसरा त्याभोवतीचा चढउतार. मग सगळं शास्त्र जवळपास पाऊण शतक सरासरीच्या मागे गेलं. ठिणगी विसरली गेली. आमच्या मते हा विसर साधा नव्हता. पूल बांधायला, पाइप टाकायला सरासरी पुरते, आणि जे कामाला पुरतं तेच खरं असं मानायला माणूस फार लवकर शिकतो.

हा विसर मोडला तो पुन्हा पाहण्यानंच. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात बारीक तार ताणून त्यावर विजेनं हायड्रोजनचे बुडबुडे काढले. तळालगत, जिथे सगळा गोंधळच असेल अशी समजूत होती, तिथे बुडबुड्यांच्या लांबलचक रेषा दिसल्या, नांगरटीच्या तासांसारख्या. त्या मधूनच उचलल्या जायच्या, थरथरायच्या आणि फुटायच्या. या फुटण्याला बर्स्ट हे नाव पडलं. १९७४ मध्ये ब्राउन आणि रॉश्को यांनी हेलियम आणि नायट्रोजनचे दोन प्रवाह शेजारी सोडून त्यांच्या सावल्यांची छायाचित्रं घेतली, त्यात मोठमोठे भोवरे रांगेनं चाललेले दिसले.

इथून आमची तक्रार सुरू होते. दिसलं ते ठीक. पण शास्त्राला मोजायचं असतं, किती वेळा, किती मोठं, किती जोरात. मोजायला तप्त तार होती. टंगस्टनची, साधारण पाच मायक्रॉन जाडीची, एखाद मिलिमीटर लांबीची. ती विजेनं तापवायची, वारा तिला थंड करतो, त्यावरून वाऱ्याचा वेग काढायचा. अतिशय चपळ उपकरण. पण ते एकाच जागी बसून ऐकतं. रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या माणसानं आवाजावरून ट्रक कोणता नि बैलगाडी कोणती ते सांगावं, तसं. मग तारेच्या नोंदीतून 'आत्ता बर्स्ट गेला' हे कसं ओळखायचं? त्यासाठी नियम करावा लागला. १९७६ साली ब्लॅकवेल्डर आणि कॅपलन यांनी जो नियम लोकप्रिय केला तो साध्या भाषेत असा: थोड्या वेळापुरता चढउतार हा एकूण चढउताराच्या अमुक पट झाला की घटना घडली असं धरा. तो अमुक पट म्हणजे उंबरठा. तो थोडा वर केला की घटना झपाट्यानं कमी होतात, खाली केला की वाढतात. निसर्गानं हा उंबरठा कुठेही लिहून ठेवलेला नाही.

न्यायशास्त्रात लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष सांगतात. गाय म्हणजे कपिल रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, असं म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकखुरी, असं म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी पोळी हे मात्र खरं लक्षण. प्रवाहशास्त्राच्या लोकांनी हे वाचलेलं नसणार, परंतु १९८६ साली बोगार्ड आणि टिडरमन यांनी नेमकी हीच परीक्षा घेतली. एकाच वेळी प्रवाह डोळ्यानं दिसेल अशी सोय केली आणि त्याच जागी वेगही मोजला. मग प्रचलित नियम एकेक लावून पाहिले. डोळ्याला दिसलेल्या उसळ्यांपैकी किती पकडल्या, आणि नव्हत्या त्या किती पकडल्या? म्हणजे अव्याप्ती किती, अतिव्याप्ती किती. ब्लॅकवेल्डर-कॅपलन नियमातून नेहमीच्या उंबरठ्यावर पुष्कळ उसळ्या निसटतात असं निघालं. चार चतुर्थांशांची जी पद्धत आहे, म्हणजे वेग सरासरीपेक्षा कमी-जास्त आणि हालचाल वर-खाली असे चार कप्पे करून त्यांतली हळू वर येणारी उसळी वेचायची, ती बरीच बरी ठरली. आणखी एक बाब निघाली. एका बर्स्टमध्ये एकाहून अधिक उसळ्या असू शकतात. म्हणजे इतकी वर्षं काही जण गाई मोजत होते आणि काही जण शिंगं.

या सगळ्या वाङ्मयातला आम्हाला सर्वांत आवडणारा निबंध मात्र आपल्या देशातला आहे. १९७१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून नरहरी राव, रोद्दम नरसिंह आणि बद्री नारायणन यांनी बर्स्टवर लिहिला. तार तीच, पण प्रश्न चोख. बर्स्ट किती वेळानं येतो, हे ठरतं कशावरून? तळालगतच्या चिकट थराच्या बारीक मापांवरून की सगळ्या थराच्या एकूण जाडीवरून? त्यांचं उत्तर आलं, एकूण जाडीवरून. हे उत्तर क्रांतिकारक होतं. तळाशी होणारी गोष्ट वरून ठरते, असा त्याचा अर्थ. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, ब्लॅकवेल्डर आणि हॅरिटोनिडिस यांनी आक्षेप घेतला. तुमची तार लांब आहे, म्हणाले. तार जर प्रवाहाच्या त्या सूक्ष्म एककांच्या विसेक पटींपेक्षा लांब असेल, तर लहान घटना तिच्या लांबीवरच पुसल्या जातात. आखूड तारेनं मोजलं की काळ बारीक मापांवर जातो.

बघा आता. एका बाजूला निसर्गाबद्दलचं विधान, दुसऱ्या बाजूला तारेच्या लांबीबद्दलचं. आक्षेपात दम आहे, आम्ही तो फेटाळत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांचीही घटना शेवटी उंबरठ्यानंच ठरत होती. ज्याला 'बर्स्ट' म्हणायचं ते उपकरणानं ठरवायचं, आणि उपकरण बरोबर आहे की नाही ते बर्स्टवरून ठरवायचं, याला आमच्याकडे अन्योन्याश्रय म्हणतात. चोरानं चौकीदाराची साक्ष द्यायची आणि चौकीदारानं चोराची. नरसिंह यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. ते या प्रश्नाला चिकटून राहिले. पुढे २००७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जोधपूरच्या उघड्या वाऱ्यातली मोजमापं घेऊन वाऱ्याच्या वेळाचे तीन भाग पाडले. एक काम करणारा, एक उलटं काम करणारा आणि एक निव्वळ रिकामा. वाऱ्यालाही रिकामा वेळ असतो, ही कल्पना आम्हाला फार मोलाची वाटते. चिठ्ठीच्या उत्तरात ती लागणार आहे.

मग डोळ्यांवरच विश्वास ठेवावा का? धूर सोडा, पाहा, झालं? तसंही नाही. १९८८ साली सिम्बाला, नगीब आणि रॉश्को यांनी एका दंडगोलामागच्या वाऱ्यात धूर सोडला. दंडगोलाजवळ सोडला तर पार लांबपर्यंत भोवऱ्यांची सुबक रांग दिसते. तोच धूर थोडा पुढे नेऊन सोडला तर ती रांग तिथे नाहीच. म्हणजे आधी लांबवर जे दिसत होतं तो तिथला वारा नव्हता. जवळ जे घडलं त्याची आठवण धूर वाहून नेत होता. न्यायशास्त्रात स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, यात जागा दिलेली नाही. स्मृती खोटी असते म्हणून नव्हे, तर ती आधीच्या अनुभवावर जगते म्हणून. आमचे विद्यार्थी या मुद्द्यावर दरवर्षी कंटाळायचे. हा प्रयोग तेव्हा माहीत असता तर वर्गात उदबत्ती घेऊन गेलो असतो.

पुढच्या पद्धतींवर आम्ही भराभर जातो. कणांवर लेसरचे दोन झोत टाकून, लागोपाठ दोन छायाचित्रं घेऊन, कोणता कण कुठे सरकला ते जुळवायचं, ही आजची मुख्य पद्धत. सावरीच्या किंवा रुईच्या म्हाताऱ्या हवेत सोडून दोन फोटो घ्यावेत तसं. यात तारेचा एकच बिंदू जाऊन संपूर्ण पट्टा मिळाला, हा मोठाच लाभ. पण म्हातारी वाऱ्याबरोबर जाते आणि तुरीचा दाणा जात नाही, म्हणजे कण किती हलका यावर सगळं आलं. दुसरी पद्धत लमली यांनी १९६७ मध्ये सुचवली. सगळ्या मोजमापांतून सर्वांत जास्त ऊर्जा ज्यांत सामावेल असे साचे गणितानं काढायचे. गणित निर्दोष आहे. तरीही त्या साच्याला 'रचना' म्हणणं आम्हाला पटत नाही. गावातल्या सगळ्या चेहऱ्यांवरून एक चेहरा काढला, तर तो चेहरा घेऊन कोणी बाजारात भेटत नाही. आणि १९८७ साली किम, मोइन आणि मोझर यांनी संगणकावर पूर्ण प्रवाह सोडवला, प्रत्येक बिंदूवरचा वेग हाती आला. तेव्हा तरी भांडण मिटायला हवं होतं. मिटलं नाही! सगळं माहीत असूनही भोवरा कशाला म्हणायचं यावर नवनवे निकष येतच राहिले. यातून आम्हाला कळलं ते असं की, अडचण फक्त माहिती कमी असण्याची नव्हती. ती लक्षणाची होती.

इथे आमचा जुना विषय येतो. कापड म्हणजे नुसते धागे, की धाग्यांहून वेगळं असं काही एक? नैयायिक म्हणतात, वेगळं. तो अवयवी. बौद्ध म्हणतात, धागेच, बाकी सगळं तुमच्या बुद्धीनं घातलेलं. वावटळीबद्दल हाच वाद आहे. आम्ही आयुष्यभर नैयायिकांच्या बाजूनं बोललो, पण या विषयात बौद्धांचा धाक उपयोगी पडतो हे मान्य केलं पाहिजे. 'तुमची रचना तुमच्या चाळणीनं पाडली आहे' हा संशय प्रत्येक प्रयोगाच्या दारात उभा असावा. त्यातून सुटायचं कसं? नैयायिकांकडे प्रमाणसंप्लव नावाची कल्पना आहे. एकाच वस्तूवर वेगवेगळी प्रमाणं येऊन मिळू शकतात. डोंगरावर आग आहे हे कोणी सांगितलं, मग धुरावरून अनुमान केलं, मग जवळ जाऊन डोळ्यानं पाहिलं. दिङ्नागाला हे मान्य नाही, त्याच्या मते प्रत्येक प्रमाणाचा विषय वेगळा. बोगार्ड आणि टिडरमन यांनी एकाच जागी, एकाच वेळी डोळा आणि यंत्र लावलं ते प्रमाणसंप्लवासाठीच. आमच्या दृष्टीनं या क्षेत्रात सर्वांत विश्वासार्ह काम असं, दोन स्वतंत्र वाटांनी आलेलं आहे. एकाच वाटेवर उंबरठा फिरवून मिळवलेलं नाही.

आता वावरात येऊ.

२०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात काय झालं ते इथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. विषारी औषधांची मिश्रणं, तोंडाला-हाताला संरक्षण नसणं, उन्हात तासन्‌तास काम, जोरदार पंप, आणि त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, अशी कारणं पुढे आली. त्या मृत्यूंचं कारण वाऱ्याची रचना होती, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. विष विष असतं. आमचा मुद्दा त्यातल्या एकाच वाक्याचा आहे. 'वारा शांत असताना, वाऱ्याच्या दिशेनं फवारा' हे वाक्य. या वाक्यातला वारा कोणता?

हवामानाच्या नोंदीतला वारा दहा मीटर उंचीवर, मोकळ्या जागी, काही मिनिटांच्या सरासरीनं मोजतात. पिकातला वारा तो नव्हे. १९९६ मध्ये रौपाख, फिनिगन आणि ब्रुने यांनी पिकाच्या आणि झाडोऱ्याच्या वाऱ्यावर एक निबंध लिहिला. पिकाच्या शेंड्यावर वेगवान वारा आणि आतला मंद वारा यांच्यामध्ये जो सांधा असतो, तो ब्राउन-रॉश्कोंच्या दोन प्रवाहांच्या सांध्यासारखा वागतो, तिथे मोठे भोवरे तयार होतात, असं त्यांचं म्हणणं. मोकळ्या जमिनीजवळ उसळ्यांना महत्त्व, पिकाच्या आत मात्र वरून खाली शिरणाऱ्या झोतांना. म्हणजे पिकातला वारा बराच वेळ रिकामा असतो, आणि मग वरून एक लोट येतो. १९८५ साली डेनमीड आणि ब्रॅडली यांनी एका जंगलात दाखवलं होतं की, झाडांच्या आत उष्णता आणि वाफ कधीकधी सरासरीच्या उताराच्या उलट दिशेनं जातात. सरासरी सांगते एक, प्रत्यक्ष वाहतूक दुसरीकडे. मग ध्यानात घ्या, पऱ्हाटी डोक्याइतकी झाली की फवारणाऱ्याचं नाक नेमकं त्या सांध्यावर येतं. गुडघाभर पऱ्हाटीत तोच माणूस, तोच पंप, तोच वारा असून नाक सांध्याच्या बरंच वर असतं. नोंदीतल्या सरासरीत या दोन वावरांत काहीच फरक नाही.

पीक स्वतःच मोजमापाचं उपकरण होऊ शकतं, हेही जुनं आहे. गव्हावरून वाऱ्याच्या लाटा जातात, आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जपानमध्ये त्यांना होनामी म्हणतात आणि १९५५ साली इनोउए यांनी त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. पण इथेही फसगत आहे. २००६ मध्ये पी, द लांग्र आणि मूलिया यांनी पिकाच्या लाटांचं चित्रण करून त्यांचे वेग काढले, तेव्हा आढळलं की लाटांची लय वाऱ्यापेक्षा ताटांच्या स्वतःच्या झुलण्याच्या लयीशी बांधली जाते. म्हणजे वारा पाहतोय असं वाटत असताना आपण बरंचसं पीक पाहत असतो.

हे वाचूनही आम्ही तीच चूक केली, ते सांगून थांबतो. आमचा एक माजी विद्यार्थी शेती करतो. त्याच्या वावरात गेल्या खरिपात एक बांबू रोवला. त्याला जुन्या कॅसेटची फीत तीन उंचींवर बांधली, गुडघ्याशी, पऱ्हाटीच्या शेंड्याशी आणि डोक्याच्या वर. धुऱ्यावर मोबाइल ठेवून चित्रण केलं. वरची फीत बहुतेक वेळ फडफडत राहायची. शेंड्याची फीत लोंबकळत असायची आणि मधूनच ताडकन आडवी व्हायची. खालची तर मेल्यासारखी, पण शेंड्याची आडवी झाली की थोड्या वेळानं तीही कधीकधी हलायची. संध्याकाळी दोघांनी एकच चित्रण पाहून झटके मोजले. त्याचा आकडा आणि आमचा आकडा जुळेना. मग ठरवलं, फीत पूर्ण आडवी झाली तरच झटका. झाला आमचाही उंबरठा. दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस आला, फीत ओली होऊन जड झाली, झटके कमी झाले. वारा कमी झाला होता की फीत जड झाली होती, हे सांगायला दुसरी वाट आमच्याकडे नव्हती. एक उदबत्ती जरी सोबत नेली असती तर चाललं असतं.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या भाऊंना, ते तिसऱ्या रांगेत बसलेत असं आम्हाला दिसतंय, उत्तराआधी दोन प्रश्न आहेत. तुम्ही कोणतं पान पाहिलं होतं, शेंड्याचं की खालचं? आणि पंप सुरू करण्याआधी किती वेळ पाहत उभे होता? खालचं पान पाहिलं असेल तर वारा बहुतेक तसाही तिथे पोचत नव्हता. आणि शेंड्याचं पान घडीभरच पाहिलं असेल, तर तुम्ही पाहिली ती रिकामी वेळ असणार, आणि लोट तुम्ही तासात शिरल्यावर आला असणार. व्याख्यान संपल्यावर थांबा. चहा घेता घेता तो दिवस नीट सांगा, आम्ही लिहून घेतो.